रेडिएटर गळतोय आणि आपण पाणी ओततोय: या चुका टाळा

गाडीचं इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर एका दिवसात दगा देत नाही. आठवडेच्या आठवडे तो काही ना काही सांगत असतो आणि आपण बाटलीभर पाणी ओतून त्याचं तोंड बंद करतो. मीही तेच केलं. दर रविवारी बॉनेट उघडायचं, कूलंटच्या (इंजिनाची उष्णता रेडिएटरपर्यंत नेणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतली पातळी बोटभर खाली गेलेली असायची, नळाचं पाणी घालायचं, झालं. जमिनीवर डाग नाही म्हणजे गळती नाही, असा माझा साधा हिशेब. प्रत्यक्षात रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे जोडलेली असते, तिथे केसाएवढी चीर होती. इंजिन तापून दाब वाढला की तिथून थेंब यायचा आणि गरम जाळीवरच वाळून जायचा. मागे उरायची ती हिरवट-पांढरी पापडी. दोन महिने मी ती धूळ समजून फडक्याने पुसत होतो!

कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. यंत्रणा बंदिस्त असते, त्यामुळे दर महिन्याला भर घालावी लागत असेल तर ते कुठून तरी जातंयच. शिवाय प्रत्येक वेळी साधं पाणी ओतलं की मिश्रण पातळ होतं, गंज आणि क्षार धरतात, आणि जाळीतल्या बारीक नळ्या आतून बुजायला लागतात. पातळी बघायची ती थंड इंजिनावर. गरम असताना कूलंट फुगून वर आलेलं असतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

गाडीखाली ओलं दिसलं की लगेच घाबरूही नका. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं, त्याला रंग आणि गोडसर वास असतो. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी आहे, त्यामुळे सांडलं तर धुऊन काढा; कुत्री-मांजरं ते चाटतात.

आता तापमानाचा काटा. काटा वर गेला की 'रेडिएटर गेला' असं म्हणून मोकळे होऊ नका, तो नेमका कधी वर जातो ते बघा. ट्रॅफिकमध्ये चढतो आणि गाडीने वेग घेतला की उतरतो? मग आधी पंखा, त्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि फ्यूज तपासा. वेगात किंवा घाटात चढतो? मग जाळी बुजली असण्याची शक्यता जास्त. अर्थात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे कूलंट सोडणारी झडप) हेही संशयितांत असतातच. काटा वर आणि हीटरमधून मात्र गार हवा, असं झालं तर कूलंट फार कमी झालंय किंवा आत हवा अडकली आहे. आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे कूलंट जवळजवळ संपलेलं असताना सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली दिसू शकतो.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कोणी बघतच नाही. साध्या हवेच्या दाबाला पाणी 100 अंशांना उकळतं. झाकणाने साधारण 1 बार, म्हणजे साध्या हवेच्या दाबाएवढाच, जादा दाब धरून ठेवला की तेच 120 अंशांच्या आसपास. झाकणाचं रबर वाळलं की ही वीस अंशांची सवलत गेली, आणि चांगला रेडिएटरही उकळायला लागतो. तेच झाकण गरम इंजिनावर उघडलं तर दाब एकदम सुटून उकळतं कूलंट तोंडावर येतं. रेडिएटरची वरची होज (रबरी नळी) दाबून पाहा. कडक किंवा गरम लागली तर थांबा. उकळलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणंही तितकंच वाईट, हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

'थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील' हा सल्ला ऐकू नका. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, इंधन जास्त जळतं, आणि काही इंजिनांत तर पाणी बायपासमधून (रेडिएटर टाळणाऱ्या वाटेने) परस्पर फिरून रेडिएटरला उलट कमीच मिळतं. गळती बुजवणारी पावडर रस्त्यात अडकल्यावर एखाद वेळ ठीक; नेहमी टाकली तर हीटरच्या नळ्या बुजतात. कूलंट रंगावरून निवडू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. आणि जाळीवर जवळून प्रेशरचं पाणी मारू नका, पापुद्र्यासारखे पंख झोपतात.

कूलंटवर तेलाची साय किंवा चहासारखा रंग दिसला तर गाडी चालवू नका. हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलेलं असू शकतं, नाहीतर तेल थंड करणारा ऑइल कूलर.

रेडिएटर बदलायचा निर्णय घेण्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्या. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं पंपावरचा दाबाचा काटा बघतात. उतरला तर गळती आहे, आणि ती कुठे आहे हे टॉर्चच्या उजेडात बहुधा तिथेच सापडतं. कित्येकदा होजची सैल क्लिप निघते. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाख देता यायचा. प्लॅस्टिकची टाकी चिरली तर मात्र बदलणं आलं. मी आधी एपॉक्सी लावून पाहिलं. अकरा दिवस टिकलं.