पातेल्यात उरणारा चहा

दोन कपांचा चहा टाकला तरी पातेल्यात अर्धा कप उरतोच आणि शेवटी मोरीत जातो. दूध, साखर, गॅस, सगळंच वाया. कारण आपण पाणी अंदाजाने ओततो.

१. ज्या कपातून पिणार त्याच कपाने मोजा. दोन कपांसाठी दीड कप पाणी, पाऊण कप दूध. वरचा पाव कप आटण्यात आणि चहा पावडरीत मुरण्यात जातो.

२. आलं किंवा गवती चहा पाण्यातच उकळा. मग पावडर घालून झाकण ठेवा, गॅस मंद करून दोन मिनिटं थांबा. रंग नीट उतरला की दूध. घाईत रंग येईना म्हणून आपण आणखी एक चमचा पावडर टाकतो, ती इथे वाचते.

३. साखर पातेल्यात नको, कपात घाला. घरात कुणी बिनसाखरेचा पिणारं असेल तर वेगळं पातेलं चढवावं लागत नाही.

४. गाळताना चोथा चमच्याने गाळणीवर दाबा. दोन-तीन घोट सहज निघतात, आणि तेच सगळ्यात कडक असतात!

साखर नसल्याने चोथाही कामाचा राहतो. गाळणी नळाखाली धरून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, कागदावर वाळवा आणि गुलाबाच्या कुंडीत मातीत मिसळा.

मात्र दुधाचा अंश राहिलेला ओला चोथा कुंडीत टाकू नका. बुरशी धरते, वास येतो, चिलटं होतात. एका कुंडीला महिन्यातून मूठभर पुरे.