पेनड्राइव्हवरचा आकडा आणि प्रत्यक्षातला वेग

तांत्रिक साहाय्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सर्वप्रथम हे सांगतो की, पेनड्राइव्हच्या वेष्टनावरचा यूएसबी ‘३.०’ किंवा ‘३.२’ हा आकडा जोडणीची कमाल क्षमता सांगतो. आतली फ्लॅश मेमरी किती वेगाने लिहिते, याची हमी तो देत नाही. २००० साली आलेल्या यूएसबी २.०ची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट धरून) कागदावर ६० मेगाबाइट असली, तरी प्रत्यक्षात तीस-चाळीसच मिळतात. २००८च्या ३.०ने ही मर्यादा ५ गिगाबिटवर नेली. पण अनेक स्वस्त ३.० ड्राइव्हचा लेखनवेग २.०च्या मर्यादेतच अडकलेला असतो आणि फरक जाणवतो तो केवळ वाचताना. शेकडो लहान फाइली असतील, तर दोन्ही सारख्याच रखडतात.

नावांचा घोळ मात्र अनाठायी आहे. त्याच ५ गिगाबिटच्या जोडणीला पुढे ‘३.१ जेन १’ (जेन म्हणजे जनरेशन, पिढी) आणि नंतर ‘३.२ जेन १’ म्हटले गेले, त्यामुळे आकडा मोठा दिसला म्हणून जास्त पैसे मोजू नयेत.

सुसंगततेची बाजू तुलनेने सोपी आहे. नेहमीच्या चौकोनी, टाइप-ए जोडणीत ३.०ने जुन्या चार पिना तशाच ठेवून मागे पाच नव्या पिना दिल्या, म्हणून कोणताही ड्राइव्ह कोणत्याही पोर्टमध्ये चालतो, फक्त दोहोंपैकी संथ असेल त्याच्या वेगाने. पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, ड्राइव्ह फार सावकाश आत सरकवला, तर जुन्या पिना आधी टेकतात आणि कधीकधी संगणक त्याला २.० समजून बसतो. अशा वेळी तो काढून एका दमात पुन्हा लावावा. तरीही वेग वाढला नाही, तर मधला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारे उपकरण) किंवा एक्स्टेंशन केबल तपासावी.

एक अपवाद ध्यानात ठेवावा: विंडोज ७च्या मूळ इन्स्टॉलरमध्ये ३.०चे ड्रायव्हर (ते पोर्ट चालवणारे प्रोग्राम) नाहीत, म्हणून त्या कामासाठी २.० पोर्टच वापरावा लागतो. याउलट, ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल नाकारली गेली, तर दोष यूएसबीच्या पिढीचा नसून फॅट३२ या फाइल-सिस्टीमचा, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचा असतो; ड्राइव्हवरची माहिती आधी दुसरीकडे उतरवून तो एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट केला की काम होते.

वेग मोजताना काही गिगाबाइटची एकच फाइल घ्यावी. विशेषतः लिनक्सवर सुरुवातीचा भाग संगणकाच्या स्मृतीतच साठतो, त्यामुळे दाखवला जाणारा वेग फसवा असतो आणि प्रगती दाखवणारी पट्टी पूर्ण भरल्यावरही लेखन चालूच राहते. ड्राइव्ह ‘इजेक्ट’ होईपर्यंतचा सगळा वेळ धरूनच फाइलच्या आकाराला त्याने भागावे.