लाटेकमध्ये पावसाचा आलेख बिघडतो तेव्हा

दापोलीच्या कृषी विद्यापीठातला प्रबंध असो की रत्नागिरीच्या कॉलेजातला प्रकल्प अहवाल, पावसाचा एखादा आलेख त्यात असतोच. लाटेक या दस्तऐवज मांडण्याच्या प्रणालीत, पीजीएफप्लॉट्स या आलेखांच्या पॅकेजने तो काढताना अडलात, तर आधी नोंदींच्या फाइलमधल्या पहिल्या पाच ओळींवरच आलेख काढून बघा. तो आला तर खोट उरलेल्या नोंदींत आहे, नाही आला तर बहुधा मांडणीत. लॉगमध्ये, म्हणजे लाटेक चालवल्यावर त्याचे संदेश साठवणाऱ्या फाइलमध्ये, उद्गारचिन्हाने सुरू होणारी पहिली ओळ वाचा. लॉगमधल्या तिच्या खालच्या चुका बहुतेक तिच्यातूनच निघालेल्या असतात.

आडव्या अक्षावर मराठी महिने हवेत तर 'सिम्बॉलिक एक्स कोऑर्ड्स'मध्ये त्यांची यादी द्या आणि 'एक्सटिक'ला (अक्षावरच्या खुणांच्या सेटिंगला) 'डेटा' द्या, नाहीतर काही नावे गळतात. सगळ्यात जास्त छळतो तो ऑगस्ट. 'ऑ' हे एकच अक्षर म्हणून टाइप होते, तसेच 'आ' लिहून त्यावर वेगळा चंद्र देऊनही. पडद्यावर बहुतेक फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात, लाटेकच्या मुळाशी असलेल्या टेकच्या लेखी मात्र ते वेगळे शब्द. यादीत एक आणि फाइलमध्ये दुसरा असला की हा महिना यादीत नाहीच, अशी तक्रार येते. ऑक्टोबरचेही तेच. नजरेने शोधत बसू नका, यादीतलाच शब्द कॉपी करून फाइलमध्ये चिकटवा.

एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून जतन केलेल्या फाइलच्या सुरुवातीला बॉम नावाची अदृश्य खूण बसते आणि पहिल्या स्तंभाचे नाव सापडत नाही. एडिटरमधून बॉमशिवाय पुन्हा जतन करा. 'कॉल सेप'ला, म्हणजे स्तंभ वेगळे करणाऱ्या चिन्हाच्या सेटिंगला, 'कॉमा'ही द्या.

पर्जन्यमापक बंद होता त्या दिवसापुढे 'नोंद नाही' असे लिहिले तर तो आकडा वाचता येत नाही म्हणून काम थांबते. तिथे शून्य घालणे त्याहून वाईट, कारण ऐन जुलैत कोरडा दिवस दिसतो. 'नॅन' (म्हणजे 'आकडा नाही') लिहा आणि 'अनबाउंडेड कोऑर्ड्स'ला 'जंप' द्या, म्हणजे रेषा तिथे तुटेल. मूळ सेटिंगमध्ये ती नोंद गाळून अलीकडचा-पलीकडचा बिंदू सरळ जोडला जातो आणि खंड लपतो.

वर्ष २,०१५ असे स्वल्पविरामासह उमटले, तर एक्स अक्षाच्या नंबर फॉरमॅटमध्ये '१००० सेप' (हजारांमधले विभाजक चिन्ह) रिकामे ठेवा. उभ्या अक्षाचे नाव आकड्यांवर चढले, तर 'कॉम्पॅट' (पीजीएफप्लॉट्सने कोणत्या आवृत्तीप्रमाणे वागायचे ती सेटिंग) १.१८ दिलेले नाही, ते द्या. अक्षावर देवनागरी आकडे हवेत तर 'वायटिक'मध्ये जागा आणि 'वायटिकलेबल्स'मध्ये ०, २५०, ५०० असे स्वतः लिहिणे सर्वांत खात्रीचे. वेलांट्या सरकत असतील तर लुआलाटेक हे लाटेकचे इंजिन वापरा आणि फॉन्ट निवडण्याच्या फॉन्टस्पेक पॅकेजमध्ये स्क्रिप्ट देवनागरी, रेंडरर (अक्षरे जुळवणारा) हार्फबझ ठेवा.

भरती-ओहोटीच्या दर मिनिटाच्या नोंदी ३० दिवसांच्या घेतल्या तर ४३,२०० बिंदू होतात. पीडीएफलाटेक या दुसऱ्या इंजिनाची स्मृती ठरावीक असल्याने ते तिथेच दम तोडते. लुआलाटेक गरजेप्रमाणे स्मृती वाढवते. शिवाय 'ईच एनथ पॉइंट'ला (दर कितवा बिंदू घ्यायचा त्या सेटिंगला) १० दिले की ४,३२० बिंदू उरतात. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे दहा-दहा मिनिटांच्या बिंदूंनीही वळण नीट उमटते. दैनिक पावसाला मात्र ही चाळणी लावू नका, अतिवृष्टीचा नेमका दिवसच त्यातून गळू शकतो.