स्वयंपाकाचा थर्मामीटर घेताना
गनसारखा इन्फ्रारेडवाला घेऊ नका, तो फक्त वरवरचं तापमान दाखवतो, चिकन आतून शिजलंय का (74 अंश लागतं) ते त्याला कळतच नाही. साधा टोकदार सळईवाला बास, रेंज निदान 250 पर्यंत असली की तळणीच्या तेलालाही चालतो. घरी आल्याआल्या चेक करा, ग्लासभर बर्फाचा चुरा, त्यात जेमतेम पाणी, नीट ढवळून सळई मधोमध धरायची, काचेला टेकवायची नाही, 0 च्या एखाद अंश इकडेतिकडे आला तर ठीक, नाहीतर सरळ रिटर्न. उकळत्या पाण्यावर भरवसा नको, पुण्यात ते साधारण 98 लाच उकळतं. आणि हो, दूध 40-45 ला आलं की विरजण लावा, बोट बुडवून बघायची भानगडच नाही. धुताना फक्त सळईच, डिस्प्लेत पाणी गेलं की कामातून गेला.