इंदूर ते लंडन: प्रवासाला खरा वेळ किती लागतो, तो कसा काढावा

इंदूर ते लंडन सरळ हवाई अंतर साधारण ७,१०० किलोमीटर. "नऊशेने भागा, आठ तासांत पोचाल," असं सांगणारे घरोघरी भेटतात. त्यांचं ऐकू नका. इंदूरहून लंडनला थेट विमानच नाही.

आधी प्रवासाचे तुकडे पाडा. इंदूर-दिल्ली दीड तास. दिल्ली-लंडन सुमारे ६,७०० किलोमीटर, पण विमान त्या रेषेवरून जाईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं आणि त्यांना दक्षिणेकडून वळसा पडू लागला. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून येताना कमी वेळ लागतो. जातानाचा आकडा येतानाला लावू नका.

आता घड्याळ. इथेच सगळे फसतात, मीही फसलो. तिकिटावर सुटण्याची वेळ इथली आणि उतरण्याची तिथली, म्हणजे ज्या-त्या गावची असते. दोन्ही आधी भारतीय वेळेत आणा, मगच वजाबाकी करा. समजा दिल्लीहून दुपारी २ ला निघून लंडनला संध्याकाळी ६:३० ला उतरायचं आहे. साडेचार तास? नाही. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे आपल्याकडे तेव्हा रात्रीचे १२. प्रवास दहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचाच. "साडेपाच" पाठ करून बसू नका, प्रवासाची तारीख बघा.

तारखेला तर दोनदा बोट लावून वाचा. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे गुरुवार उजाडण्याआधीची रात्र आपल्या बोलण्यात बुधवारचीच असते. विमानाचा वार रात्री बाराला बदलतो. आईच्या तिकिटावर २६ तारीख आणि ००:४० होतं. मी २६ च्या संध्याकाळचं इंदूर-दिल्ली विमान काढलं. दिल्लीच्या काउंटरवर कळलं की लंडनचं विमान आदल्या रात्रीच गेलं. लाडवांचा डबा मांडीवर घेऊन आई बॅगेवर बसून राहिली, मला एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून ००:०० ते ०३:०० मधली वेळ दिसली की कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकटीत मी लिहितो: "आज रात्री जेवून विमानतळावर".

दिल्लीत मध्ये किमान तीन तास ठेवा आणि दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी स्वस्त पडतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

शेवटी बेरीज घरापासून करा. सकाळी सातचं विमान असेल तर इंदूरच्या, म्हणजे बिजासनच्या विमानतळावर पाचला हजर, म्हणजे घरून साडेचारला निघायचं. वरच्या उदाहरणातलं विमान धरलं तर लंडनला उतरेपर्यंत साडेएकोणीस तास होतात. पुढे इमिग्रेशन आणि सामान. घरच्यांना "पोचलो"च्या फोनची वाट रात्री एकनंतरच बघायला सांगा.