ग्राफीनच्या प्रकाश-सेन्सरमधून हवेचा वाटा वेगळा कसा काढायचा

जूनमध्ये मुंबईत पाऊस लागला की आमच्या लॅबमधल्या ग्राफीनच्या चिप वेगळे आकडे देऊ लागतात. लेझर तोच, सोर्समीटर तोच, बदललेली असते ती हवा. म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी फोटोकरंटच्या, म्हणजे प्रकाशाने बदलणाऱ्या करंटच्या, आधी हवा मोजायला लावते.

कारण साधं आहे. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर, नुसता पृष्ठभागच. पाणी आणि ऑक्सिजन त्यावर बसतात, इलेक्ट्रॉन ओढतात, आणि ग्राफीनमध्ये होल, म्हणजे इलेक्ट्रॉन गेल्याने उरलेल्या, धन भारासारख्या वागणाऱ्या रिकाम्या जागा, वाढतात. २००७ साली मँचेस्टरच्या गटाने तर त्यावर बसणारा-उठणारा वायूचा एकेक रेणू टिपून दाखवला. तुमच्या हातातला प्रकाश-सेन्सर हा वायूचा सेन्सरही आहे.

सुरुवात अंधारात करा. चिप बराच वेळ झाकून ठेवा, खोलीतली ट्यूबही बंद. मग गेट व्होल्टेज (ग्राफीनखालच्या ऑक्साइडच्या थराआडून लावलेलं, ग्राफीनमधले वाहक कमी-जास्त करणारं) उणेकडून अधिककडे आणि परत, एकाच वेगाने फिरवा. करंट जिथे सर्वांत कमी, तो डिरॅक बिंदू; जादा होल नसतील तर तो शून्य व्होल्टजवळ असतो. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर गेटचा प्रत्येक व्होल्ट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७२ अब्ज वाहक, म्हणजे करंट वाहणारे इलेक्ट्रॉन किंवा होल. बिंदू +२० व्होल्टवर सापडला, तर सुमारे १.४ लाख कोटी जादा होल, म्हणजे दर अडीच-तीन हजार कार्बन अणूंमागे एक. जाताना आणि येताना बिंदू वेगळ्या जागी दिसला, तर ऑक्साइडवरच्या पाण्याचा संशय आधी घ्या. फिरवण्याचा वेग वहीत लिहाच. तो बदलला की हे अंतरही बदलतं.

आता पंप लावा, आणि निर्वातातच चिप सुमारे १५० अंश सेल्सियसवर दोनेक तास तापवून तिथेच थंड होऊ द्या. एका भट्टीत तापवून दुसऱ्या प्रोब स्टेशनवर (सुया टेकवून चिप मोजण्याच्या यंत्रावर) नेऊ नका, वाटेतच पाणी परत चिकटतं. पुन्हा तोच गेट स्वीप घ्या, म्हणजे गेट व्होल्टेज तसंच फिरवून मोजा. बिंदू शून्याकडे सरकला असेल, तर तेवढा वाटा बहुतांशी हवेचा होता.

खरी कसोटी प्रकाशाची. अतिनील किरणांनी ऑक्सिजन सुटतो, होल घटतात, आणि उजेड पडूनही करंट खाली जातो. अंधार केल्यावर तो हळूहळू वर येतो. पण करंट वाढला की घटला, नुसत्या या चिन्हावर निकाल देऊ नका. ग्राफीन तापल्यानेही करंट घटू शकतो. वेळ बघा. ग्राफीनचा स्वतःचा प्रतिसाद पिकोसेकंदांचा, रेणू सुटण्या-बसण्याचा सेकंदांचा, मिनिटांचा, कधी तासांचा. चॉपर (लेझर ठरावीक वेगाने अडवणारी फिरती चकती) १० हर्ट्झवरून १ किलोहर्ट्झवर न्या आणि लॉक-इनवर (फक्त त्याच वेगाने बदलणारा सिग्नल मोजणाऱ्या यंत्रावर) किती सिग्नल उरतो ते पाहा. ऑक्साइडमधले सापळेही (भार अडकवून ठेवणारे दोष) संथ असतात, तेव्हा हीच चाचणी निर्वातात करा. तिथे जो संथ भाग नाहीसा होतो, त्यात हवेचा हात आहे.

इथे बरेच जण थेट ‘हवा विरुद्ध निर्वात’ अशी तुलना करून थांबतात. ती मला पुरेशी वाटत नाही. हवा चिपला थंडही करते, आणि ग्राफीन अधांतरी ताणलेलं असेल तर हा फरक मोठा असतो. म्हणून चेंबरमध्ये वातावरणाच्या दाबाला कोरडा नायट्रोजन भरा, तो तुमचा आधार. मग कोरडा ऑक्सिजन, मग पाण्यातून बुडबुडत आणलेला नायट्रोजन. प्रत्येक वायूआधी पंप करून अंधारात थांबायचं, आणि अंधारातला करंट स्थिरावल्याशिवाय लेझर लावायचा नाही.

शेवटी झाकण, म्हणजे हवा ग्राफीनपर्यंत पोहोचू न देणारा थर. षट्कोनी बोरॉन नायट्राइडचे थर माझ्या मते सर्वांत उत्तम. मोठ्या क्षेत्रफळाला ॲल्युमिनाचा थर चालतो, पण तोच डोपिंग (ग्राफीनमधल्या जादा वाहकांचं प्रमाण) बदलू शकतो, तेव्हा स्वीप पुन्हा घ्या. झाकण्याआधी पीएमएमएचे (चिप बनवताना वापरलेल्या प्लॅस्टिकचे) अवशेष काढा आणि चिप तापवा, नाहीतर पाणी आतच कोंडलं जातं. ग्राफीनवर लेड सल्फाइडचे क्वांटम डॉट (प्रकाश शोषणारे नॅनोकण) असतील तर झाकण टाळूच नका, हवेत त्या डॉटचंच ऑक्सिडीकरण होतं. झाकलेली चिप आठवडाभर उघड्या हवेत ठेवून डिरॅक बिंदू पुन्हा मोजा, आणि आलेखाशेजारी त्या वेळची आर्द्रता नोंदवा.