उष्टावण झालं, पण बाळ घास घेत नाही?

मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतली खीर चाटली, फोटो झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून तोंड घट्ट बंद. उष्टावणानंतर बऱ्याच घरांत हेच होतं. यात बाळाचा हट्ट फार थोडा असतो. पोट भरलेलं असतं, बैठक नीट नसते, चमचा बळजबरीने आत येत असतो किंवा घासाचा दाटपणा चुकलेला असतो. याच क्रमाने तपासत जा. पहिल्या दोन गोष्टी पैसा न खर्चता त्याच दिवशी सुटतात.

आधी वयाचं बघू. वरचं अन्न सुरू करायचं ते सहा महिने, म्हणजे १८० दिवस पूर्ण झाल्यावर. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात आणि मुलाचं सम महिन्यात करायची रीत आहे, त्यामुळे कुठे पाचव्यातच खीर भरवली जाते, तर कुठे आठव्याच्या मुहूर्तापर्यंत सगळं अडून राहतं. समारंभ केव्हाही करा, जेवण मात्र १८० दिवसांनीच सुरू करा. पोटातून घेऊन आलेला लोहाचा साठा याच सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं, म्हणून आठव्या महिन्याची वाट बघणं महागात पडतं. मधाचं बोट वर्षाच्या आत चाटवायचं नाही, विधी म्हणूनसुद्धा नाही. मधात बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते वाढतात. बाळ दिवस भरायच्या आत जन्मलेलं असेल तर सुरुवात केव्हा करायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

वय झालं तरी मान स्थिर हवी आणि आधाराने बसता यायला हवं. पहिले काही दिवस घास जिभेने बाहेर ढकलला जातो. याचा अर्थ "आवडलं नाही" असा नसतो. दूध ओढताना जीभ पुढे यायची सवय असते, ती हळूहळू मोडते. ओघळलेला घास पुसून परत चमच्यावर घ्या आणि चेहरा हसरा ठेवा.

वेळ

नुकतंच दूध प्यायलेलं बाळ घास घेणार नाही आणि भुकेने रडणारंही घेणार नाही, त्याला तेव्हा दूधच हवं असतं. दूध पिऊन एक ते दीड तास झाला की वेळ बरोबर असते. सुरुवातीला दिवसातून एकदा, दोन-तीन मोठे चमचे. आठ महिन्यांपर्यंत दोन-तीन वेळा, दर वेळी हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. इथे वाटी म्हणजे २५० मिलीची, नैवेद्याची नव्हे. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. दूध चालूच राहतं, आठ महिन्यांपर्यंत पोषणाचा मोठा वाटा त्याचाच असतो. मात्र रात्रभर तासातासाला दूध चालू असेल तर सकाळच्या वाटीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आपल्या इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये भर दुपारी मोठ्यांनाही जेवण जात नाही. त्या दिवसांत मोठी जेवणं सकाळी आठच्या आसपास आणि दिवेलागणीनंतर ठेवा, दुपारी दही किंवा फळ पुरे. शिजवलेलं अन्न उन्हाळ्यात तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका. बाळाचा चमचा ज्या वाटीत गेला तिच्यातलं उरलेलं टाकून द्या, कारण लाळेमुळे ते लवकर खराब होतं.

बैठक

हा भाग सगळ्यांत दुर्लक्षित. मांडीवर आडवं घेऊन बोंडल्याने (तोटीच्या छोट्या वाटीने) दूध पाजावं तसं अन्न भरवलं, तर घास आपोआप घशाकडे जातो, ठसका लागतो, आणि पुढच्या वेळी बाळ चमचा बघूनच मान फिरवतं. पाठ ताठ हवी, कंबर आणि गुडघे काटकोनात हवेत आणि पावलं कशावर तरी टेकलेली हवीत. उंच खुर्चीत पाय लोंबकळत असले तर बाळाची अर्धी शक्ती तोल सांभाळण्यात जाते. खुर्चीखाली चपलांचा खोका किंवा उलटा डबा ठेवा, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या खोचा. खुर्ची नसेल तर स्वतः भिंतीला टेकून बसा, बाळाची पाठ आपल्या पोटाला लावून त्याला मांडीत बसवा आणि दुसऱ्याला समोरून भरवू द्या.

चमचा

चमचा छोटा आणि चपटा घ्या, अर्धाच भरा. समोरून, बाळाच्या ओठांच्या किंचित खालून आणा, म्हणजे मान वर होणार नाही. खालच्या ओठाला टेकवा आणि थांबा. पाच-दहा सेकंद लागतात आणि ते फार लांब वाटतात. तोंड उघडलं की चमचा जिभेच्या पुढच्या भागावर आडवा ठेवा, वरचा ओठ खाली येऊन घास पुसून घेईल, मग चमचा सरळ मागे घ्या. बहुतेक जण इथे घाई करतात आणि चमचा वरच्या हिरडीला घासून रिकामा करतात. घास आत जातो खरा, पण ओठाने घास ओढायचं बाळ शिकतच नाही आणि अर्धा बाहेर येतो. गिळून झालं आणि बाळाने परत बघितलं की पुढचा. एक रिकामा चमचा त्याच्या मुठीत द्या, म्हणजे तुमच्या चमच्याशी झटापट कमी होते.

मान फिरवणं, ओठ मिटणं, पाठीला कमान करणं हे "पुरे" असं सांगणं आहे. दोनदा झालं की वाटी उचला. एकूण जेवण २० मिनिटांचं, ३० च्या वर कधीच नाही. नाक दाबून, गाल धरून किंवा रडताना उघडलेल्या तोंडात घास सरकवून दिलेलं जेवण मोजू नका. अशा चार दिवसांनंतर बाळ वाटीचा आवाज ऐकूनच रडू लागतं. तिथवर वेळ आली असेल तर तीन-चार दिवस चमचा पूर्ण बंद करा. दूध नेहमीसारखं चालू ठेवा, घरातले जेवायला बसले की बाळालाही पंगतीत बसवा, पुढ्यातल्या ताटलीत कुस्करलेला भोपळा किंवा घट्ट दही ठेवा. हात बुडवेल, कपाळाला फासेल, कधीतरी बोट चोखेल. त्यानंतर चमचा परत आणा, तोही आधी त्याच्या हातात. मोबाइलवर गाणी लावली की तोंड उघडतं हे खरं, पण तेव्हा बाळाचं लक्ष भुकेकडेही नसतं आणि पोट भरल्याकडेही नसतं. महिनाभराने मोबाइलशिवाय घास जात नाही, ही नवीन तक्रार सुरू होते.

दाटपणा

"दाल का पानी पिलाओ," असं शेजारच्या भाभी सांगतात आणि आपल्या आजीही वरणाच्या निवळीवर भरवसा ठेवतात. निवळीत जवळजवळ पाणीच असतं. बाळाचं पोट दर किलो वजनामागे साधारण ३० मिली धरतं, म्हणजे सात किलोच्या बाळाचं २०० मिलीच्या आसपास. ते पाण्याने भरलं की भूक मरते आणि वजन वाढत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या, आईचं दूध पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात, त्या पातळ पेजेतून भरून निघत नाहीत. खूण सोपी आहे: चमचा तिरका केल्यावर घास ओघळता कामा नये, सावकाश घसरला पाहिजे.

आपल्याकडचं खिमट यासाठी उत्तम. एक वाटी जुना तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ धुऊन, फडक्यावर सावलीत पूर्ण वाळवा. तांदूळ मंद आचेवर पांढरा आणि हलका होईपर्यंत, डाळ खमंग वास सुटेपर्यंत, दोन्ही वेगवेगळे भाजा. एकत्र भाजलं तर डाळ करपते आणि तांदूळ कच्चा राहतो. शेवटी गरम कढईत पाव चमचा जिरं टाका. गार झाल्यावर बारीक रव्यासारखं दळा आणि कोरड्या डब्यात भरा. एवढ्याच प्रमाणात करा म्हणजे दोन आठवड्यांत संपेल, पावसाळ्यात डबा फ्रिजमध्ये ठेवा.

शिजवताना दोन मोठे चमचे पीठ आधी पाऊण वाटी गार पाण्यात कालवा. थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गाठी होतात, आणि एकच गाठ घशाला लागली तरी त्या दिवसाचं जेवण संपलं समजा. मंद आचेवर ढवळत आठ-दहा मिनिटं शिजवून उतरवा आणि एक छोटा चमचा साजूक तूप घाला, त्यातून ४० च्या आसपास किलोकॅलरी वाढतात. मीठ नाही, साखर-गूळ नाही, वर्षभर नाही. खिमट गार होताना घट्ट होतं. पहिले चार घास घेऊन बाळ नंतर नको म्हणतं, त्याचं कारण बरेचदा हेच असतं की वाटीतलं खिमट तोवर खळीसारखं चिकट झालेलं असतं. अशा वेळी थोडं आईचं दूध घाला. त्यातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) पिष्ट विरघळतं आणि खिमट लगेच सैल होतं. मोड आणून वाळवलेल्या नाचणीच्या किंवा गव्हाच्या पिठाची चिमूट कोमट खिमटात मिसळून परत एक उकळी आणली तरी तेच होतं: पाणी न वाढवता पातळपणा.

रोज खिमटच नको. दलिया, म्हणजे आपली माळव्याची थुली, भरपूर शिजवून घोटली की चालते. लाल भोपळा, रताळं, बटाटा, केळं, पपई, चिकू, दही, पूर्ण शिजलेलं अंडं, सगळं सहा महिन्यांनंतर चालतं. नवा पदार्थ एकेक करून द्या आणि दोन-तीन दिवस त्वचेकडे, शीकडे लक्ष ठेवा. नुसता भात आणि केळं यांवर भर दिला की शी घट्ट होते आणि भूकही जाते. मग पपई द्या आणि जेवणाबरोबर उकळून गार केलेलं पाणी वाटीने दोन-चार घोट पाजा. गाईचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षानंतरच.

लोहासाठी डाळी, अंडं, घरात होत असेल तर चिकन किंवा कलेजी, आणि डाळीवर दोन थेंब लिंबू. चहात बुडवलेलं बिस्किट देऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत लोह-फॉलिक अॅसिडचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली देतात. आशाताईंकडे विचारा, आणि खाजगी डॉक्टरांचे लोहाचे थेंब चालू असतील तर तेही त्यांना सांगा.

मिक्सरमधून बाहेर

सातव्या महिन्यात मिक्सर बंद करा आणि काट्याने कुस्करा. नवव्या-दहाव्यापर्यंत गुठळ्यांची ओळख झाली नाही तर पुढे चावायला नकार देणारी मुलं बरीच निघतात. आठव्या महिन्यात गाजराची उकडलेली, बोटाएवढी लांब फोड हातात द्या. दोन बोटांत दाबून सहज चेपली पाहिजे. रविवारी घरात पोहे-जिलबी असेल तर बाळाचे भिजवलेले पोहे फोडणीआधीच बाजूला काढा, वाफवा आणि दह्यात कुस्करून द्या. सेव, जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि आख्खे शेंगदाणे त्याच्या वाटीत नकोत. शेंगदाण्याची अगदी बारीक पूड मात्र दह्यात कालवून चालते. अंगावर जास्त इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाफल्याचा, म्हणजे कणकेच्या उकडून भाजलेल्या माळवी गोळ्याचा, आतला मऊ भाग साध्या वरणात भिजवून दहाव्या महिन्यात मजेत खातात. फुटाणे, आख्खी द्राक्षं, कच्चं गाजर आणि लाह्या मात्र अजून काही वर्षं लांब ठेवा. "एकच सेव चाखव" म्हणणाऱ्या पाहुण्यांना हसून नाही म्हणा.

गुठळी आली की बाळ "ऑक" करतं, चेहरा लाल होतो, आवाज येतो. हे चालतं, जीभ घास पुढे ढकलायला शिकते आहे. थांबा, तोंडात बोट घालू नका. आवाजच बंद झाला, खोकता-रडता येत नाही, ओठ निळसर झाले, तर घास अडकला आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली ठेवा, खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापट्या द्या. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करा, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. बाळ निपचित पडलं तर लगेच छातीदाब आणि श्वास सुरू करा. भरवणाऱ्या प्रत्येकाने, आजीनेसुद्धा, हे आधी बाहुलीवर करून बघावं.

एखादी भाजी तीनदा नाकारली की "त्याला आवडत नाही" असं घरात ठरून जातं. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. आज एक चमचा, दोन दिवसांनी परत एक चमचा, आवडीच्या घासाशेजारी. दात येताना, सर्दीत, लसीनंतर दोन-तीन दिवस खाणं घटतं आणि परत येतं. सहा ते नऊ महिन्यांत वजन महिन्याला साधारण ३०० ग्रॅम वाढतं, पुढे २००-२५०, म्हणजे वेग मंदावतोच. अंगणवाडीच्या कार्डावरच्या आलेखात बाळाची रेघ आपल्या पट्ट्यातून वर चढते आहे ना, एवढं बघा. शेजारच्या गुटगुटीत बाळाशी तुलना करून घास वाढवू नका.

दोन महिने वजन हललं नाही, प्रत्येक जेवणात खोकला किंवा गुरगुरता आवाज येतो, रोज उलटी होते, बाळ पांढुरकं दिसतं, नऊ महिन्यांतही आधाराशिवाय बसत नाही, किंवा दहाव्या महिन्यात वाटलेल्याशिवाय काहीच घेत नाही, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना तीन दिवसांची नोंद न्या: दूध किती वाजता, काय दिलं, किती चमचे गेले, किती मिनिटं लागली. आणि एका जेवणाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. त्यात बाळाचा चेहरा आणि चमचा धरणारा हात, दोन्ही दिसायला हवेत.